सहा पायऱ्यांची संख्या

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. वीस अंकांची ही संख्या आपल्यातल्या बहुतेकांना शाळेच्या वयात एका गोष्टीतून भेटलेली असते. बुद्धिबळाच्या खेळावर खूश झालेला राजा तो शोधून काढणाऱ्याला म्हणतो, हवं ते माग. तो मागतो पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि असं दुप्पट करत करत चौसष्टाव्या घरापर्यंत. राजाची कोठारं रिती होतात तरी मागणी पुरी होत नाही. वरचा आकडा म्हणजे त्या सगळ्या दाण्यांची बेरीज.

या गोष्टीने संख्येचं नाव घरोघरी पोहोचवलं, पण तिच्याविषयी एकच गोष्ट सांगितली: ती फार मोठी आहे. मोठेपणात तसं विशेष काही नाही. कुठल्याही संख्येत एक मिळवला की तिच्याहून मोठी संख्या हाती येते. या संख्येची खरी श्रीमंती तिच्या आत आहे. ती कशी बनते, तिचे अवयव कोणते, त्या अवयवांमधला एक ओळीने चालत आलेला नियम नेमका कुठे मोडतो आणि त्या मोडण्याचे पडसाद कुठवर जातात, हे पाहायला गेलं की गणिताच्या इतिहासातली अर्धा डझन मोठी माणसं एकामागून एक समोर येतात.

आकाराचा भाग आधी आवरून घेऊ. गव्हाच्या हजार दाण्यांचं वजन साधारण ४० ग्रॅम भरतं. त्या हिशेबाने पटावरच्या गव्हाचं वजन सुमारे ७३,८०० कोटी टन होतं. आज साऱ्या जगात वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो, म्हणजे नऊशेहून अधिक वर्षांचं जगाचं पीक. पटाच्या पहिल्या अर्ध्या भागात, बत्तीस घरांत मिळून, अवघा १७२ टन गहू बसतो, दहा टनी सतरा-अठरा ट्रक. म्हणजे सगळा भार दुसऱ्या अर्ध्या भागावर आहे, आणि त्यातही शेवटच्या एका घरात आधीच्या त्रेसष्ट घरांच्या बेरजेपेक्षा एक दाणा जास्त असतो. ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी दिलेली स्थानांची नावं परार्धापाशी, म्हणजे अठराव्या स्थानी, थांबतात. त्या नावांत ही संख्या १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म अशी उतरत जाते.

गोष्ट हिंदुस्थानात घडल्याचं सांगतात, पण तिची जुनी लिखित रूपं अरबी ग्रंथांत सापडतात. तेराव्या शतकातल्या इब्न खल्लिकानने ती सिस्सा नावाच्या माणसाच्या नावावर सांगितली. त्याच्याही अडीचशे वर्षं आधी, इसवी सन १००० च्या सुमारास, अल्-बिरुनीने प्राचीन राष्ट्रांच्या कालगणनेवरच्या आपल्या ग्रंथात ही बेरीज करून दाखवली. ती त्याने चौसष्ट वेळा दुप्पट करत बसून केली नाही. त्याने वर्ग करण्याची वाट धरली, आणि ती वाट आपल्याकडे फार जुनी आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघू-गुरूंचे किती प्रकार होतील हे काढण्यासाठी तीच रीत आहे, आणि भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त गुणोत्तर श्रेढीसाठी तीच दिली.

रीत अशी. पदांची संख्या सम असेल तर निम्मी करा आणि ‘वर्ग’ असं लिहून ठेवा. विषम असेल तर एक वजा करा आणि ‘गुण’ लिहा. असं शून्यापर्यंत जा, मग लिहिलेल्या खुणांवरून उलट परत या. ६४ घेतले तर सगळं काम निम्मं करण्याचंच होतं: ३२, १६, ८, ४, २, १. शेवटी एकदा ‘गुण’. उलट येताना आधी २ मिळतात, मग सहा वेळा वर्ग: ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६ आणि सहाव्या पायरीला वीस अंकी उत्तर. त्यातून एक वजा केला की दाण्यांची बेरीज. कागद-पेन्सिल घेऊन हे करून पाहावं असं मी कळकळीने सुचवेन. शेवटचा गुणाकार सोडला तर बाकीचं काम दहा मिनिटांचंही नाही, आणि चौसष्ट घरांचा पट सहा पायऱ्यांत चढून जाता येतो हे हाताला कळतं.

‘लीलावती’तलं उदाहरण महिन्याभराच्या दानाचं आहे. पहिल्या दिवशी दोन वराटक, म्हणजे कवड्या, आणि पुढे रोज दुप्पट, तर तीस दिवसांत किती निष्क दिले? उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ वराटक. या आकड्याची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. त्याचा १२०७ सालचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

आता संख्येच्या आत शिरू. त्यासाठी आठवी-नववीतलं एकच सूत्र पुरतं: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. आपली संख्या आहे २ चा ६४ वा घात वजा १. हा ६४ वा घात ३२ व्या घाताचा वर्ग आहे. म्हणून ती झाली ४,२९,४९,६७,२९५ गुणिले ४,२९,४९,६७,२९७, लागोपाठच्या दोन विषम संख्यांचा गुणाकार. यातल्या लहान संख्येवर तेच सूत्र पुन्हा चालवा, मग तिच्यातल्या लहानीवर पुन्हा. सहा वेळा हे केलं की उरतं ते असं: ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७. मघाशी चढताना ज्या संख्या लागल्या होत्या त्या (२, ४, १६, २५६, ६५,५३६, ४,२९,४९,६७,२९६) आठवून पाहा. प्रत्येकीत एक मिळवलेला आहे. ज्या पायऱ्यांनी संख्या बांधली गेली, त्याच पायऱ्या तिचे अवयव देतात. मला या संख्येविषयी सगळ्यांत सुंदर वाटते ती हीच गोष्ट.

या सहा अवयवांना आज फर्मा संख्या म्हणतात. पिअर द फर्मा हा फ्रान्समधला तुलूझचा न्यायाधीश. १६४० च्या ऑगस्टमध्ये फ्रेनिकल या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितलं की अशा सर्व संख्या मूळ संख्या असाव्यात असं आपल्याला वाटतं, पण सिद्धता आपल्याजवळ नाही. ३, ५, १७, २५७ यांच्याबद्दल शंकाच नाही. ६५,५३७ ला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे २५६ पर्यंतच्या, मूळ संख्यांनी भागून पाहिलं की तीही मूळ ठरते. पुढची मात्र दहा अंकी. तिचं वर्गमूळ ६५ हजारांच्या वर. तिथवरच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचं तर सहा हजारांहून जास्त भागाकार करावे लागतील. फर्माने ते केले नाहीत.

नव्वद वर्षं हा प्रश्न तसाच राहिला. १७२९ च्या डिसेंबरात ख्रिस्तियान गोल्डबाखने तरुण लिओनार्ड ऑयलरला पत्रातून या विधानाची आठवण करून दिली. १७३२ मध्ये, पंचविशीतल्या ऑयलरने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत दाखवून दिलं की ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो: ६४१ × ६७,००,४१७.

६४१ वरच हात कसा पडला, याचं कारण ऑयलरने नंतरच्या एका लेखात मांडलं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. समजा एखादी मूळ संख्या २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येणाऱ्या संख्येला नि:शेष भागते. मग तिने २ च्या ३२ व्या घाताला भागलं तर बाकी उणे १ येते आणि ६४ व्या घाताला भागलं तर बाकी १. म्हणजे २ च्या घातांच्या बाक्यांचं चक्र बरोबर ६४ पावलांनी पुरं होतं, त्याआधी नाही. दुसरीकडे, मूळ संख्येतून एक वजा करून जो घात येतो त्याची बाकी नेहमी १ असते. म्हणून मूळ संख्या वजा एक हिला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. सहा हजारांची यादी एका क्षणात आटली. आता फक्त ६४ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्या बघायच्या: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ संख्या तेवढ्या ठेवल्या तर १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकाराला उत्तर. पुढे १८७८ मध्ये एदुआर ल्युका याने ६४ च्या जागी १२८ चालतं हे सिद्ध केलं. तेव्हा उरतात फक्त २५७ आणि ६४१. दोन फर्मा संख्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसतो, आणि २५७ ही स्वतःच फर्मा संख्या. ती गळते आणि पहिलाच भागाकार ६४१ चा.

चुटपुट लावणारी गोष्ट म्हणजे या युक्तिवादातला मुख्य टेकू, मूळ संख्या वजा एक या घाताची बाकी १ असते हा सिद्धान्त, फर्माचाच आहे. १६४० च्याच ऑक्टोबरात, त्याच फ्रेनिकलला लिहिलेल्या पत्रात त्याने तो कळवला होता.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करताही दाखवता येतं. ६४१ दोन तऱ्हांनी लिहिता येते. एक, ५ × १२८ + १. दुसरी, ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. पहिलीवरून, ६४१ ने भागताना ५ × १२८ ची बाकी उणे १. त्याचा चौथा घात घेतला तर बाकी १: म्हणजे ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. पण दुसरीवरून ५ च्या चौथ्या घाताच्या जागी उणे १६, म्हणजे उणे २ चा चौथा घात, ठेवता येतो. ठेवला की उणे २ चा ३२ वा घात, बाकी १. तोच २ चा ३२ वा घात अधिक १, बाकी शून्य. चार ओळींत संपणारी, एकही मोठा गुणाकार न मागणारी सिद्धता. नववीच्या हुशार मुलाला ती फळ्यावर दाखवली तर तो ती विसरणार नाही याची मला खात्री आहे.

दुसरा अवयव ६७,००,४१७. तो मूळ आहे हे ठरवणंही याच युक्तीने सोपं होतं. त्याचं वर्गमूळ २,५८८ च्या आसपास. तिथवर १२८ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्या फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. पहिली वर सांगितलेल्या कारणाने बाद. उरलेल्या चारांनी भागलं तर बाक्या येतात अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२. एकही शून्य नाही, म्हणजे संख्या मूळ. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतून लंडनला आणलेला झेरा कोलबर्न हा लहान मुलगा तोंडी हिशेबासाठी गाजला होता. त्याला ४,२९,४९,६७,२९७ चे अवयव विचारले असता त्याने ते मनातल्या मनात काढून सांगितल्याची नोंद आहे.

तेव्हा आपल्या वीस अंकी संख्येचे मूळ अवयव सात: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. प्रत्येक एकदाच येतो, म्हणून १ हा वर्ग सोडला तर कुठल्याच वर्गसंख्येने हिला भाग जात नाही, आणि हिचे विभाजक बरोबर १२८. शेजारच्या घराशी, म्हणजे त्रेसष्ट घरांच्या बेरजेशी, तुलना केली तर फरक कळतो. ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ चे अवयव ७ × ७ × ७३ × १२७ × ३३७ × ९२,७३७ × ६,४९,६५७. तिथे ७ दोनदा आहे आणि त्या मांडणीत पायऱ्यांचा मागमूस नाही. एक घर पुढे गेलं की ६३ च्या जागी निव्वळ २ चा घात असलेला ६४ येतो आणि रचना एकदम शिस्तीत उभी राहते.

या शिस्तीत ६४१ मुळे पडलेली भेग किती खोल आहे हे ऑयलरच्याच एका मोजणीतून दिसतं. एखादी संख्या घ्या आणि १ पासून तिच्यापर्यंतच्या किती संख्यांचा तिच्याशी १ सोडून सामाईक विभाजक नाही हे मोजा. १५ साठी १, २, ४, ७, ८, ११, १३, १४ अशा आठ. १६ साठी सगळ्या विषम, म्हणजे त्याही आठ. दोन शेजाऱ्यांची मोजणी सारखी. ३ आणि ४ ची सारखी, २५५ आणि २५६ ची सारखी, ६५,५३५ आणि ६५,५३६ ची सारखी, ४,२९,४९,६७,२९५ आणि तिच्या पुढच्या संख्येचीही सारखी. पुढची पायरी आपली. फर्माचं म्हणणं खरं असतं तर इथेही मोजणी जुळली असती. तसं होत नाही: ४,२९,४९,६७,२९७ या अवयवाच्या मोजणीत जिथे ४,२९,४९,६७,२९६ यायला हवे होते तिथे ६४० × ६७,००,४१६, म्हणजे ४,२८,८२,६६,२४० येतात. ६७,०१,०५६ ची तूट. साखळी याच संख्येपाशी तुटते.

तिचा दुसरा पडसाद भूमितीत आहे. कंपास आणि खुणा नसलेली पट्टी एवढ्यावर कुठल्या सुसम बहुभुजाकृती काढता येतात? त्रिकोण, पंचकोन आणि पंधरा बाजूंची आकृती ग्रीकांना येत होती. त्यापुढे दोन हजार वर्षं विषम बाजूंची एकही नवी आकृती सापडली नाही. ३० मार्च १७९६ रोजी, एकोणीस पुरे व्हायला महिना असलेल्या कार्ल फ्रीड्रिख गाउसच्या लक्षात आलं की सतरा बाजूंची आकृती काढता येते. १८०१ च्या ग्रंथात त्याने सांगितलं की बाजूंची विषम संख्या वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असेल तर रचना शक्य आहे. एरवी ती अशक्य आहे हे १८३७ मध्ये वांत्झेलने सिद्ध केलं. मूळ फर्मा संख्या आजवर पाचच माहीत आहेत: ३, ५, १७, २५७, ६५,५३७. त्यांचे गुणाकार म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ चे १ सोडून उरलेले ३१ विभाजक. विषम बाजूंच्या ज्या आकृत्या काढता येतात असं आपल्याला ठाऊक आहे त्या एवढ्याच. ६४१ आडवा आला नसता तर आपल्या संख्येचेही सगळे विभाजक या यादीत बसून ती ६३ झाली असती. लिंगेन गावच्या हर्मेसने ६५,५३७ बाजूंच्या आकृतीसाठी दहा वर्षं खर्ची घातली. त्याचं हस्तलिखित गोटिंगेनच्या विद्यापीठात जपून ठेवलेलं आहे.

इथे आपल्याकडचा मेरुप्रस्तार आठवावा. पिंगलाच्या सूत्रांवरच्या टीकेत हलायुधाने दहाव्या शतकात तो उलगडून दाखवला. १, १ १, १ २ १, १ ३ ३ १, १ ४ ६ ४ १, अशी वरून खाली रुंदावणारी मांडणी. प्रत्येक विषम आकड्याच्या जागी १ आणि सम आकड्याच्या जागी ० लिहा, आणि प्रत्येक ओळ द्विमान पद्धतीतली संख्या म्हणून वाचा. ओळी येतात १, ११, १०१, ११११, १०००१, ११००११. आपल्या नेहमीच्या दशमान लेखनात १, ३, ५, १५, १७, ५१. पहिली ओळ सोडली तर हे गाउसचेच बहुभुज, चढत्या क्रमाने, एकही न गाळता. बत्तिसाव्या ओळीपर्यंत हा क्रम चालतो. तेहतिसाव्या ओळीला ४,२९,४९,६७,२९७ येते आणि तिथे गाडी रुळावरून उतरते, कारण ६४१. तरीही मांडणी पुढे चालू ठेवली तर चौसष्टाव्या ओळीत सगळेच्या सगळे आकडे विषम निघतात. चौसष्ट एक्के सलग. द्विमान पद्धतीत आपली संख्या अशीच लिहिली जाते.

चौसष्ट एक्के म्हटलं की संगणक आलाच. आजच्या प्रोसेसरात एक शब्द ६४ बिटांचा असतो, आणि चिन्ह न धरता त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. आधीच्या पिढीचा शब्द ३२ बिटांचा, आणि चिन्हासाठी एक बिट राखून ठेवला तर त्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. ‘लीलावती’तल्या दानाच्या कवड्या याहून बरोबर एकने कमी. मर्यादेची ही संख्या मूळ आहे हे १७७२ मध्ये ऑयलरनेच सिद्ध केलं. २०१४ च्या डिसेंबरात ‘गंगनम स्टाइल’ या गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने ही मर्यादा ओलांडली आणि यूट्यूबला मोजणी ६४ बिटांवर न्यावी लागली. ३२ बिटांत सेकंद मोजणारी जुनी घड्याळं १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, याच आकड्यावर येऊन अडणार आहेत.

मर्यादा म्हणून आपली वीस अंकी संख्या मोठीच आहे, पण संगणकशास्त्रात तिचे अवयवही कामाला येतात, आणि ही बाजू फार कमी सांगितली जाते. यादृच्छिक भासणाऱ्या संख्या निर्माण करण्याची एक स्वस्त पद्धत म्हणजे ६४ बिटांची एक मांडणी घेऊन ठरावीक नियमाने तिचे बिट सरकवत आणि एकमेकांत मिसळत राहणं. जॉर्ज मार्साग्लियाने २००३ मध्ये मांडलेली ‘एक्सॉरशिफ्ट’ ही पद्धत याच जातीची. सगळे बिट शून्य असले तर मांडणी शून्यावरच राहते, ती वगळावी लागते. उरलेल्या सगळ्या मांडण्या एका फेरीत येऊन गेल्या तर फेरीची लांबी बरोबर आपली संख्या. सेकंदाला शंभर कोटी मांडण्या तपासल्या तरी ही फेरी संपायला ५८४ वर्षं लागतील. मग फेरी पूर्ण आहे, मध्येच कुठे वळून परत येत नाही, हे कसं कळायचं? आपल्या संख्येइतक्या पावलांनी मांडणी मूळ जागी परत आली, तर फेरीची लांबी त्या संख्येचा विभाजक असणार. म्हणून आधी ते एकदा पाहून घ्यायचं, मग संख्येला सात मूळ अवयवांनी एकेकदा भागायचं आणि त्या त्या पावलाला मांडणी मूळ जागी आली का एवढंच पाहायचं. आणि तिथवर पोहोचायला पुन्हा निम्मं करण्याची आणि वर्गाची तीच जुनी रीत लागते. आठ तपासण्या, काम फत्ते. ऑयलरला ६४१ सापडला नसता तर ही तपासणी करताना कुणाला तरी तो शोधावा लागला असता. अशा प्रत्येक नियमामागे ० आणि १ सहगुणकांची एक बहुपदी असते. पूर्ण फेरी देणाऱ्या ६४ घाताच्या बहुपदी एकंदर १,४३,८९,०३,३७,९४,७९,७५,६८० आहेत, आणि हा आकडा येतो वर पाहिलेल्या तुटक्या साखळीतल्याच मोजणीला ६४ ने भागून.

ल्युकाचं नाव वर येऊन गेलं. त्यानेच १८८३ मध्ये ‘हनोईचा मनोरा’ हे कोडं टोपणनावाने बाजारात आणलं: तीन खुंट, एकावर उतरत्या आकाराच्या चकत्या, एका वेळी एकच हलवायची आणि मोठी कधी लहानीवर ठेवायची नाही. त्याला काशीच्या देवळातल्या चौसष्ट सोन्याच्या चकत्यांची कथा जोडली गेली. त्या सगळ्या हलवायला लागणाऱ्या चाली पुन्हा आपली संख्या. सेकंदाला एक धरली तर सुमारे ५८,४५४ कोटी वर्षं. कथा फ्रान्समध्ये रचलेली आहे, काशीशी तिचा संबंध नावापुरताच.

दशमान अंकांवरून संख्येचे जे गुण निघतात ते मी शेवटाकडे ठेवले, कारण ते संख्येइतकेच आपल्या लेखनपद्धतीचे असतात. आधार दहाऐवजी दुसरा घेतला की ते पालटतात, अवयव पालटत नाहीत. पण या वाटेवर महाराष्ट्राचा एक माणूस जन्मभर चालला, म्हणून ती टाळून पुढे जाववत नाही. नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून नवी संख्या बनवत. जी संख्या अशा तऱ्हेने कुठल्याच संख्येपासून बनत नाही ती स्वयंभू. आपल्या संख्येची परीक्षा घेऊ. तिच्या अंकांची बेरीज ८७. जनक शोधायचा तर शेवटचे तीन अंकच बदलतील. पहिल्या सतरा अंकांची बेरीज ७५, म्हणून शेवटचे तीन अंक असे हवेत की त्यांनी बनणारी संख्या आणि त्यांची बेरीज मिळून ५४० व्हावेत. ५३१ आणि ९, दुसरं उत्तर नाही. म्हणजे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,५३१ हा एकमेव जनक, तिच्या अंकांची बेरीज ८४, आणि आपली संख्या स्वयंभू नाही.

मग या विषयात अजून अनुत्तरित काय आहे? आपल्या संख्येपुरतं पाहिलं तर तिचे अवयव ठाऊक आहेत आणि पुढचं सगळं त्यातून निघतं. पण ती ज्या जिन्यावर उभी आहे तो वर चालूच राहतो. १८७७ मध्ये पेपँने फर्मा संख्येसाठी एक कसोटी दिली, तिच्यात फक्त ३ या संख्येचे लागोपाठ वर्ग करत बाक्या काढायच्या. ४,२९,४९,६७,२९७ ला ती लावली तर एकतीस वर्गांनंतर बाकी येते १,०३,२४,३०३. संख्या मूळ असती तर तिच्याहून एकने लहान बाकी यायला हवी होती. ६४१ चं नावही न घेता संख्या मूळ नसल्याचं ठरतं, अवयव मात्र हाती लागत नाही. पुढच्या पायऱ्यांवर हाच अनुभव येतो. २ चा ६४ वा घात अधिक १ या संख्येचे अवयव २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१ आहेत हे १८८० मध्ये फोर्त्युने लांद्रीने शोधलं, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. त्याच्या पुढची संख्या ३९ अंकांची. तिला फोडायला १९७० उजाडावं लागलं, आणि ते मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी संगणकावर केलं. १९९५ पर्यंत आणखी चार पायऱ्या पूर्ण फुटल्या, त्यापलीकडे एकही नाही. काही पायऱ्यांवरच्या संख्या मूळ नाहीत एवढंच सिद्ध आहे; शून्यापासून मोजल्यास विसाव्या आणि चोविसाव्या पायरीच्या संख्यांचा तर एकही अवयव आजवर सापडलेला नाही.

या मोजणीत ४,२९,४९,६७,२९७ पाचवी. पाचपासून बत्तीसपर्यंतच्या सगळ्या संयुक्त ठरल्या आहेत. तेहतिसाव्या पायरीची संख्या सुमारे २५८ कोटी अंकांची आहे, आणि ती मूळ की संयुक्त याचा निकाल लागलेला नाही. ६५,५३७ नंतर एखादी मूळ फर्मा संख्या असलीच तर ती तिथे किंवा तिच्याही पलीकडे आहे.